नाळीवरचा हात

हे सगळं १९९७ साली झालं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना एकदाच्या काचा बसल्या, आणि त्याच वर्षी दामाजी गेला.

मी तेव्हा कल्याणच्या एका तंत्रनिकेतनात मोजमापाची उपकरणं हा विषय शिकवत होते. ताप, दाब, वेग, वजन, जे जे मोजता येतं ते कशानं मोजायचं आणि त्या मोजण्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हा माझा विषय. मुलं तोंडावर मला मॅडम म्हणत आणि पाठीमागे ‘मीटरबाई’. मला ते नाव आवडायचं, पण तसं कधी दाखवलं नाही.

कान्हा शेवटच्या वर्षाला होता. डोंबिवलीच्या पश्चिमेला वस्ती संपून खाडी लागते, तिथल्या कोळ्यांचा मुलगा. आजोबांपर्यंत त्यांच्या घरात जाळी होती. मग कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, मासळी गेली, आणि जाळ्यांच्या जागी बालद्या आल्या. खाडीच्या तळाची रेती काढायची. होडीच्या कडेला एक लांब बांबू तळापर्यंत रोवतात. माणूस तो बांबू धरून खाली जातो, बालदी रेतीनं भरतो, आणि तोच बांबू धरून वर येतो. वरचा गडी दोरानं बालदी ओढतो. याला ते डुबी मारणं म्हणत. गढूळ पाण्यात हाताला हात दिसत नाही, म्हणून बांबू सोडायचा नाही, एवढा एकच नियम. दिवसभर डुब्या मारून त्या माणसांचे कान फुटत. कानात तेलाचा बोळा घालून ते पुन्हा खाली जात.

कान्हाचा बाप दामाजी गावातल्या काळुरामच्या होडीवर डुबी मारायचा. घरात कमावणारा तो एकटा. आई भागीरथी आणि नववीतली बहीण मालू.

“मॅडम, मला जूनच्या आत नोकरी पायजे,” कान्हानं मला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. “मी कमवायला लागलो की बापूस पाण्याबाहेर. मी आईला बोललेलो तसं.”

त्याला ती संधी फेब्रुवारीत मिळणार होती. ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका कारखान्यानं तंत्रनिकेतनांच्या मुलांसाठी रोबोंची स्पर्धा ठेवली होती. तेव्हा रोबो हा शब्दच नवा होता. आमच्या शिपायाला तो बिस्किटाचा प्रकार वाटायचा. अट सोपी दिसत होती. सभागृहाच्या फरशीवर चार कोपऱ्यांत चार रंगीत डबे. रोबोनं कुणाच्या मदतीशिवाय, कसल्याही दोरीशिवाय, त्या चारी डब्यांना बाहेरून वळसा घालून मधल्या दोन फळ्यांच्या फटीतून आत शिरायचं आणि थांबायचं. जी जोडी फेरी पूर्ण करील, तिला कारखाना मुलाखतीवाचून शिकाऊ म्हणून घेणार होता.

कान्हाचा जोडीदार सहदेव. त्याचे वडील साताऱ्याकडचे, डोंबिवलीत पोस्टात होते. सहदेव बडबड्या, कान्हा मुका. दोघांनी मोटारीच्या वायपरच्या दोन मोटरी, स्कूटरची बॅटरी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडून एक पाटाएवढी गाडी केली होती. बाकीचे सगळे चाकांचे फेरे मोजून वळणार होते. गुळगुळीत फरशीवर चाक घसरतं आणि फेरे खोटे पडतात, हे कान्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं. म्हणून आम्ही फिरणं मोजणारा जायरो वापरला.

तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दिला होता. हा विद्यार्थी बोटीवर नोकरीला होता आणि सिंगापूरहून खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा सुटा भाग घेऊन आला होता. पूर्वीच्या जायरोत भोवऱ्यासारखं चाक असे. यात चाक नव्हतं. चिंचोक्याएवढ्या पत्र्याच्या डबीत एक बारीक पट्टी सतत थरथरत असे. डबी फिरली की त्या थरथरीत फरक पडायचा आणि तेवढी वीज कमीजास्त व्हायची. आत्ता, या क्षणी, आपण किती वेगानं फिरतोय, एवढंच ती सांगायची. क्षणाक्षणाचं ते फिरणं बेरीज करत गेलं की एकूण किती वळलो ते कळे.

पण स्थिर म्हणजे काय, हे तिला दर वेळी नव्यानं शिकवावं लागायचं. बटण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत गाडी जागच्या जागी निश्चल हवी. त्या वेळात डबी जे मोजील, त्याला ती शून्य समजणार. त्या वेळात कुणी गाडी जराशी जरी फिरवत राहिलं, तर ती त्या फिरण्यालाच स्थिरपणा समजणार. मग बॅटरी संपेपर्यंत सरळ जाताना तिला आपण वळतोय असं वाटणार, आणि ती चूक सुधारण्यासाठी ती इमानदारीनं वाकडी जात राहणार.

हे वर्गात सांगताना मी नेहमी कानाचं उदाहरण देत असे. आपल्या कानाच्या आत तीन बारीक वळलेल्या नळ्या असतात, त्यांत पाणी असतं, डोकं फिरलं की ते मागे रेंगाळतं आणि आपल्याला फिरल्याचं कळतं. तास संपल्यावर कान्हा मागे थांबला.

“मॅडम, कानाचा पडदा फुटला तर त्या नळ्यांचं काय होतं?”

“कुणाचा फुटलाय?”

“असंच विचारलं.”

“पडदा फुटलेला असला आणि थंड पाणी आत गेलं, तर नळीतलं पाणी हलायला लागतं. माणूस उभा असतो आणि त्याला वाटतं आपण फिरतोय.”

“आणि खरंच फिरत असला तर?”

“तर कधीकधी कळतच नाही.”

“म्हणजे झीरो सरकतो.”

“हो. तसंच.”

तो टेबलाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत राहिला. “परत सेट नाय करता येत?”

“यंत्राचा येतो,” मी म्हणाले. “कान्हा, वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.”

“नाय येणार ते. डॉक्टर बोलला पाण्यात जाऊ नका, तर?”

जानेवारीत एक दिवस दामाजी स्वतःच प्रयोगशाळेत आला. उधाणामुळे त्या दिवशी रेती बंद होती. इस्त्रीचा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, दोन्ही कानांत कापूस. दारातून आत येताना त्याचा एक हात चौकटीवर होता, मग तो कपाटावर आला, मग टेबलावर. मला वाटलं, संकोच असेल. त्याचा हात कशाशी तरी टेकलेला नाही, असं मी त्याला एकदाच पाहिलं, तेही त्याच दिवशी.

“बाई, पोरगा सांगतं का ही डबी बोलतं, फिरलं का नाय फिरलं ते. डोला नाय, कान नाय, मंग तिला कलतं कसं?”

सहदेवला असे प्रश्न फार आवडायचे. त्यानं जायरोची डबी फिरत्या स्टुलावर ठेवून स्टूल गर्रकन फिरवलं. तारेला जोडलेल्या पाटीवर लाल आकडे भराभर चढले.

“बघा काका, चक्कर आली तिला.”

“आयला! हिला पण येते?” दामाजी हसला. हसताना त्याचा टेबलावरचा हात घट्ट झालेला मी पाहिला.

“तुम्ही धरा हातात. हलू नका हां. हललात की आकडा पळणार.”

सहदेवनं डबी त्याच्या तळहातावर ठेवली. दामाजीनं टेबल सोडलं, दोन्ही पाय रोवले, डोळे मिटले आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. निदान त्याला तरी तसंच वाटत होतं. पाटीवरचे आकडे हळूहळू वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. त्याचं सगळं अंग, नांगरलेली होडी पाण्यावर डुलावी तसं, कमरेतून वळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षेला बसलेल्या मुलासारखा निश्चय होता.

“हाललू का रं?”

कान्हानं पुढे होऊन पाटीवर हात ठेवला. लाल आकडे त्याच्या बोटांखाली गेले.

“नाय बाबा. एकदम थीर.”

दामाजीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. सहदेव काही बोलणार होता. कान्हानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बडबड्या पोरानं तोंड मिटलं.

स्पर्धेच्या दिवशी गाडी ठाण्याला न्यायची कशी, हा प्रश्न होता. काळुरामनं आपला रेतीचा ट्रक काढला. होडी त्याची, ट्रक त्याचा, आणि गावचा पोरगा ठाण्यात मशीन चालवणार म्हटल्यावर बघायला येण्याचा हक्कही त्याचाच. दामाजी आणि दोघं मुलं मागे, गोधडीत गुंडाळलेली गाडी मांडीवर घेऊन बसली. मी, भागीरथी आणि मालू पुढे काळुरामशेजारी. भागीरथीच्या मांडीवर पिशवी होती. नारळ, हळदकुंकू, अगरबत्ती.

शीळफाट्यावरून मुंब्र्याकडे वळलो तसा ट्रक खड्ड्यांतून उड्या मारू लागला. मी दर उडीला मागच्या जाळीतून बघत होते.

“बाई, घाबरू नका,” काळुराम म्हणाला. “दामाजीनं धरलंय ना, मंग नाय हालत. माजे होडीवर सगल्यांत जुना बांबू त्याचा.” मग थोडं थांबून, “वहिनी, हल्ली गप का असतं ओ तो?”

“पान्यात कोन बोलतं?” भागीरथी म्हणाली.

“तसं नाय. मुंब्र्याला त्या भिवाचं जालं ना गेल्या साली. डोकं फिरायचं त्याचं, सांगितलं नाय कोनाला. बुडाला. पोलीस आले, होडी बांधून ठेवली, सगल्यांची चूल बंद. मी बोललू माजे गड्यांना, चक्कर येनारा मानूस मना होडीवर नको. आधीच सांगायचं.”

भागीरथी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या हातातला नारळ तिनं उगाच फिरवून घेतला.

“आये, मशीनची पण पूजा होडीवानी करायची?” मालूनं विचारलं.

“करायची तं. पयल्यांदी सुटतं ना ते.”

मी विचारलं, होडीची कशी करतात. भागीरथीला तेवढंच निमित्त हवं होतं. नवी होडी पाण्यात लोटायची तेव्हा नारळ फोडतात, नाळीला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावतात. मग खालचे ठोकळे काढतात. ठोकळ्यांवरून होडी सुटली, जिवंत झाली, की घराचा कर्ता पुरुष नाळीवर हात ठेवतो. तो हात उचलेपर्यंत कुणी लोटायचं नाही, आणि उचलला की कुणी थांबायचं नाही.

“आन थांबलं तर?” मालू.

“थांबत नाय कोन.”

“धाकूआजाची थांबलेली ना?”

“गप गं.”

पण काळुरामला राहवलं नाही. धाकू हा दामाजीचा चुलता. त्यानं हात उचलला आणि मुलांनी होडी लोटताना मध्येच मागे ओढली, एक फळी उसवलेली दिसली म्हणून. लोटलेली होडी मागे घेतली म्हणजे आधीचा हात लागू पडला नाही. मग दुसऱ्याचा हात ठेवावा लागतो. थोरल्या मुलाचा ठेवला. त्या दिवसापासून धाकू कर्ता राहिला नाही. कुणी त्याला काही बोललं नाही, जेवायला वाढलं, पण होडीवर कुणी बोलावलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. मरेपर्यंत बंदरावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधत होता.

“फली खरंच उसवलेली,” काळुराम म्हणाला. “पोरांची चूक नाय. पन जालं ते जालं.”

सभागृह मोठं होतं, वर पंखे, फरशी काचेसारखी. कारखान्याचे एक अधिकारी माइक घेऊन परीक्षक म्हणून बसले होते. गृहस्थ हसतमुख होते, आणि त्यांचा हसतमुखपणाच मुलांना जड जात होता. बटण दाबल्यावर काही चुकलं तर एकदा पुन्हा बटण दाबायची मुभा होती, पण कारण सांगावं लागे. आमच्या आधीच्या जोडीतल्या एका मुलानं हात वर केला.

“काय झालं?” अधिकाऱ्यांनी माइकवरून विचारलं.

“सर, शिंक आली. धक्का लागला.”

“कुणाला, रोबोला शिंक आली?”

सगळं सभागृह हसलं. त्या मुलाची गाडी दुसऱ्या डब्यापाशी अडकली. त्याच्या आधीच्या सगळ्यांच्या चाकांनी फरशीवर दगा दिलाच होता. तोवर एकाही जोडीची फेरी पूर्ण झाली नव्हती. सहदेव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, आपलीच होणार. लिहून ठेवा.”

आमची पाळी आली. मार्गदर्शक म्हणून मला फरशीभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरच थांबायचं होतं. गाडी सुटायची जागा दोरीपासून हातभर आत. भागीरथीनं दोरीवरून वाकून गाडीला कुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली. आपल्याकडे कारखान्यात नव्या यंत्राला नारळ फुटतोच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. अधिकारीही म्हणाले, “करा, करा, निवांत करा.” काळुराम हाताची घडी घालून मागे उभा होता.

पूजा झाली. घंटा वाजली. कान्हानं बटण दाबलं, गाडीवरचे लाल दिवे लागले, आणि तो ओठांतल्या ओठांत दहा मोजू लागला.

त्याला वाटलं होतं, पूजा झाली म्हणजे सगळं झालं. दामाजीच्या हिशेबानं ती आत्ता कुठे व्हायची होती. दिवे लागले, म्हणजे ठोकळ्यांवरून सुटली, जिवंत झाली. तो दोरीखालून वाकून आत आला, गुडघ्यावर बसला, आणि त्यानं गाडीच्या पुढच्या टोकावर, कुंकवावर, आपला उजवा हात ठेवला. डोळे मिटले.

मी त्याच्या मागेच होते. त्याचं अंग कमरेतून हळूहळू उजवीकडे वळत होतं, आणि त्याच्या हाताखाली गाडीचं तोंड, घड्याळाचा काटा सरकावा तसं, सरकत होतं. कुणाच्या लक्षात येण्याजोगं नव्हतं ते. जायरोच्या लक्षात येण्याजोगं होतं.

कान्हा मोजायचा थांबला होता. तो बापाच्या हाताकडे बघत होता. ‘हात काढा’ म्हणायला एक क्षण पुरला असता.

दामाजीनं हात उचलला आणि दोरी धरून बाहेर आला. कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळला होता. किती दिवसांनी त्यानं काहीतरी कर्त्या पुरुषाचं केलं होतं.

“तयार?” माइकवरून प्रश्न आला.

“कान्हा, आकडा बघ,” सहदेव दबक्या आवाजात म्हणाला. गाडीवरच्या पाटीवर शून्यासाठी पकडलेला आकडा दिसायचा. महिनाभर रोज तोच आकडा बघून आम्हाला पाठ झाला होता. आज तो वेगळा होता. “अरे, बघ ना! गेलाय तो. हात वर कर. परत दाब.”

कान्हाचा अंगठा बटणावर होता. त्यानं मान वर केली. समोर बाप उभा, दोरीवर हात टेकून. त्याच्या मागे काळुराम, हाताची घडी तशीच. शेजारी आई, पदराचं टोक मुठीत.

“काय झालं? यांनाही शिंक आली का?” अधिकारी म्हणाले, आणि लोक हसायच्या तयारीत पुढे झुकले.

“नाय सर,” कान्हा म्हणाला. “तयार.”

गाडी निघाली. पहिले दोन हात सरळ गेल्यासारखी वाटली. मग तिचं तोंड उजवीकडे कलायला लागलं, फार सावकाश, काहीही न बिघडल्यासारखं. पहिल्या डब्याच्या आतूनच गेली. तिथे वळली, वळण नेमकं हवं तेवढं, पण चुकीच्या दिशेपासून मोजलेलं. मग ती कडेची पांढरी रेघ ओलांडून प्रेक्षकांत शिरली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पायाला टेकून उभी राहिली. चाकं फिरत राहिली. सहदेवनं जाऊन तार उपटली. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, धीर द्यायला वाजवतात तशा.

बाहेर ट्रकपाशी सहदेवचा तोल गेला.

“का नाय दाबलंस? येड्या, एकदा दाबायचं होतं! एकदा! शिंक आली बोलायचं, माशी बसली बोलायचं, काय पण बोलायचं! एकाची पण फेरी झाली नाय तिथं, माहितीय तुला? एकाची पण नाय!”

कान्हा गाडी गोधडीत गुंडाळत होता.

“मी महिनाभर बोटं भाजून घेतलीत. तुला नोकरी नको होती तर आधी बोलायचं.”

“आवाज कमी कर,” कान्हा म्हणाला.

दामाजी पुढे आला. एक हात ट्रकच्या फाळक्यावर. “काय जालं रं? कशानं वाकडी गेली? माजा हात तं थीर होता.”

सहदेवनं कान्हाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

“थीरच होता बाबा,” कान्हा म्हणाला. “फरशी घसरडी. चाक सरकलं.”

“मंग फरशीला काय करनार,” काळुराम म्हणाला, आणि फाळका वर करून खीळ घातली.

परतताना मुंब्र्याच्या अलीकडे भागीरथी एकदाच म्हणाली, “नारल गोड निंगालेला.” तेवढंच.

चारआठ दिवसांनी कान्हा जायरोची डबी परत करायला आला. त्यानं ती कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली होती.

“मॅडम, माझा अंगठा बटनावर होता.”

“मी पाहिलं.”

“लोटलेली होडी मागं घेतली की कर्ता बदलतो.”

“ती होडी नव्हती, कान्हा.”

“तुम्हाला नाय, मला पण नाय. काळुरामशेठला ती होडीच दिसत होती. आईला पण. आणि बाबांना तर...” त्यानं काड्यापेटी टेबलावर ठेवली. “मी दाबलं असतं ना, तर शेठनं पयला प्रश्न विचारला असता, दामाजीच्या हाताला काय झालंय. बाबा त्याच दिवशी होडीवरनं उतरले असते.”

“तुला तेच तर हवं होतं ना? ते पाण्याबाहेर यावेत?”

“हां. पण असं नाय. मी आणणार होतो त्यांना बाहेर. ढकलून नाय काढणार होतो.”

मी म्हणाले, अजून वेळ आहे, दुसरीकडे अर्ज कर. त्यानं केले. जून आला, गेला. तेव्हा ठाण्याच्या कारखान्यांतून माणसं कमी करत होते. नव्या मुलांना कोण घेतो? पावसाळ्यात रेती बंद असते, तेवढे महिने दामाजी घरी होता. मालू नंतर मला म्हणाली, त्या पावसाळ्यात बाबा अंथरुणावरसुद्धा भिंतीला हात लावून झोपायचे.

दिवाळीनंतर होड्या पुन्हा लागल्या. मार्गशीर्षात खाडीचं पाणी गार पडतं. एका सकाळी दामाजी पहिल्याच डुबीला खाली गेला. वरच्या गड्यानं दोर ओढला, बालदी रिकामी आली. बांबू जागेवर होता. बांबूवर हात नव्हता.

तो फार लांब सापडला नाही. ओहोटीला दुसरे दोघं खाली गेले, तेव्हा तो बांबूपासून चारपाच हातांवर होता, तोंड खाली, दोन्ही हात कोपरापर्यंत रेतीत रुतलेले.

मी दहाव्याला गेले होते. कान्हाचं डोकं मुंडलेलं होतं. बंदरावर पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात, प्रयोगशाळेत एखादी अडचण सांगायचा त्याच सुरात म्हणाला, “मॅडम, ते वरच येत होते. तळाशी बालदी भरताना बांबूवरचा हात सुटला असणार. गार पाणी कानात गेलं असणार. त्यांना वाटलं, वर तिकडं आहे. ते वरच येत होते.”

 

काळुराम माणसांच्या घोळक्यात उभा होता. रडून डोळे सुजलेले. दामाजी आणि तो एकत्र पोहायला शिकलेले. तो सगळ्यांना एकच सांगत होता. “मना कोनी सांगितलं का नाय? मी त्याला वर ठेवला असता. दोर ओढायला ठेवला असता. होडीवरनं मी त्याला काडला असता का? दामाजीला?”

ते खरं होतं की मागाहून सुचलेलं, मला माहीत नाही. ट्रकमध्ये तो काय बोलला होता, ते मी ऐकलं होतं. पण कान्हानं त्याचे हे शब्द ऐकले तेव्हा मी कान्हाकडे बघत होते. तो पाठ फिरवून पाण्याकडे गेला आणि गुडघाभर पाण्यात, हातात काहीही न धरता, बराच वेळ उभा राहिला. शेवटी मालूनं त्याला हात धरून आणलं.

तेराव्यानंतर त्यानं बापाचा बांबू घेतला. काळुरामनं त्याला दोरावर ठेवायची तयारी दाखवली होती. कान्हा म्हणाला, दोरावरच्या मजुरीत घर नाही चालत.

पुढे काय काय झालं ते सांगते.

काळुरामनं काही वर्षांनी रेती ओढणारे पंप घेतले, डुबी मारणारे गडी गेले. रेतीवर बंदी आली तेव्हा त्यानं टिटवाळ्याला सिमेंट-विटांचं दुकान टाकलं. बंगला बांधला. बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर एक होडी काढून घेतली आहे, असं ऐकते. मधुमेहानं त्याचा एक पाय गेला.

भागीरथी सुकी मासळी विकायची. दामाजी गेल्यावर ती खाडीच्या बाजूचं दार कधी उघडत नसे. घराला मागून वळसा घालून जायची. सात-आठ वर्षांपूर्वी वारली. मालू शिकली, बालवाडीत शिक्षिका झाली, कळव्याला दिली. ती मला दिवाळीला फोन करते.

सहदेव पुढे पदवी करून पुण्याला गेला, आता मोठ्या पदावर आहे. मध्ये भेटायला आला तेव्हा खिशातला फोन काढून म्हणाला, “मॅडम, आता प्रत्येक फोनात जायरो असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान.” त्यानं फोन हातात आडवा-उभा फिरवून दाखवला आणि मग मध्येच थांबला. कान्हाशी तो त्या दिवसानंतर कधी बोलला नाही. त्या रात्रीच्या जेवणाला मी कान्हाचं नाव काढलं, तर म्हणाला, “त्याच्या जागी मी असतो तरी दाबलं नसतं बहुतेक. पण तेव्हा मला वाटायचं, दाबलं असतं.”

आमची ती काड्यापेटी प्रयोगशाळेच्या कपाटात होती. मी निवृत्त झाले त्या साली जुनं सामान भंगारात काढलं, त्यात गेली.

आणि कान्हा. तीन हंगाम त्यानं डुब्या मारल्या. पंप आले तसा तो पंपाची इंजिनं दुरुस्त करू लागला, आणि रेती संपल्यावर लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. टिटवाळ्याला नव्या इमारती उठल्या, काम भरपूर. लग्न केलं, दोन मुली आहेत. माझ्या भाच्यानं तिकडे घर घेतलं, त्याच्या वास्तूला मी गेले होते. लिफ्ट बंद होती. खालच्या मजल्यावर एक करड्या केसांचा माणूस फळीवर तारा जोडत बसला होता. मला बघून उठला. “मॅडम, ओळखलं का?”

मी ओळखलं. घरचं विचारलं, मुलींचं विचारलं. डाव्या बाजूनं बोललं की त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी उजवीकडे जाऊन उभी राहिले. लिफ्टच्या छतावर चढायचं काम तो करत नाही, ते दुसरा करतो, असं तो आपणहून म्हणाला. मग हसून म्हणाला, “चला, चालू झाली. तुम्हीच बसा पहिल्यांदा.”

मी आत गेले. दार सरकेपर्यंत तो समोर उभा होता. एक हात भिंतीवर टेकलेला.